बायबलातला वळीव

मार्च उलटता उलटता खान्देशातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात आभाळ भरून आलं, की कुणी आनंदाने वर बघत नाही. केळीला घड लटकलेले असतात, गहू कापून वावरात पेंढ्यांनी पडलेला असतो, कांदा उघड्यावर असतो. अर्धा तास वादळ, त्यात गारा, आणि केळीची उभी बाग कमरेत मोडून आडवी होते. वळवाची ओढ इथल्या माणसाला नसते असं नाही, तापलेली रात्र निवते ती त्यानेच. पण ओढीच्या आधी धाक असतो.

अशा माणसाने मराठी बायबल उघडून ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढला, तर तिथे देव वचन देताना दिसतो: आगोटीचा आणि वळवाचा पाऊस मी तुम्हांला वेळेवर देईन, म्हणजे तुम्ही धान्य, द्राक्षारस आणि तेल साठवाल. वाचणारा इथे अडखळायला हवा. आगोटी म्हणजे मृगाची सुरुवात, ती समजली. पण वळीव आगोटीच्या आधी येतो, मागून नव्हे. आणि वळवाने कोठार भरल्याचं तापीकाठी कुणी पाहिलेलं नाही, रिकामं झाल्याचं पाहिलंय.

घोळ भाषांतरकाराच्या मराठीत नाही, दोन आभाळांत आहे. जेरुसलेमला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो. धुळ्याकडच्या माणसाला हा आकडा परका वाटायचं कारण नाही. पण तो सगळा पडतो ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, आणि मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठणठणीत. उन्हाळ्यात विटेसारखी झालेली जमीन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने मऊ होते आणि नांगर लागतो. हिब्रूत या पावसाला ‘योरे’ म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी मुख्य पाऊस. मग मार्च-एप्रिलमध्ये शेवटच्या दोन-चार सरी येतात, तो ‘मल्कोश’. त्या वेळी जव आणि गहू दाणे भरत असतात. मल्कोश चुकला तर कणीस बाहेर पडतं, पण दाणा पिचका राहतो.

मार्च-एप्रिलच्या पावसाला मराठीत शब्द हवा होता आणि वळीव हातात होता. महिना जुळला, काम उलटं झालं. मल्कोशाचं काम खान्देशात कोण करतं असं विचारलं, तर उत्तर हस्त-चित्रा नक्षत्रांचा परतीचा पाऊस. तो आला तर ज्वारीचं कणीस भरतं, कपाशीची वरची बोंडं पोसतात आणि रब्बीला ओल मिळते. ‘वळवाचा’ हा शब्द वाचताना मनात ‘परतीचा’ ठेवला की संदेष्ट्यांच्या पुस्तकातल्या कितीतरी ओळी जागेवर बसतात. योएल जेव्हा म्हणतो की पाऊस पूर्वीसारखा पाडला जाईल आणि खळी धान्याने भरतील, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गारा नसतात.

आणि बरोबर याच्या उलट एक प्रसंग आहे, जो खान्देशात एका फटक्यात समजतो. शमुवेल संदेष्टा लोकांना विचारतो, आज गव्हाची कापणी आहे ना? मग तो प्रार्थना करतो, मेघगर्जना होते, पाऊस कोसळतो, आणि लोक भीतीने गारठतात. युरोपातल्या वाचकाला इथे टीप लागते, कारण त्याच्याकडे उन्हाळ्यात पाऊस पडतोच. यहूदियात मल्कोश संपल्यावर, मे महिन्यात गहू कापायला आलेला असताना पाऊस पडणं म्हणजे अवकाळी. दाणा काळा पडतो, ओंबीतच अंकुर फुटतो. हे जळगाव जिल्ह्यातल्या गहू उत्पादकाला समजावून सांगणाऱ्यालाच लाज वाटेल.

ऋतूंचा हाच गोंधळ आणखी एका वाक्यात आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू संकटाच्या दिवसांबद्दल बोलताना सांगतो, तुमचं पळणं हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा. आपल्याकडे तर पळायचंच असेल तर हिवाळा उत्तम. रस्ते कोरडे, ऊन सोसवतं, नदीला घोट्याएवढं पाणी. पण तिकडे हिवाळा हाच पावसाळा. एरवी कोरडा पडलेला ओढा डोंगरात पाऊस झाला की तासाभरात दुथडी वाहतो, आणि लेकरं घेऊन पळणारी बाई अलीकडच्या काठावर अडकते. अनेर किंवा पांझरेच्या उपनाल्यांना श्रावणात आलेला लोंढा ज्यांनी पाहिलाय त्यांनी त्या वाक्यातला ‘हिवाळा’ पुसून ‘श्रावण’ वाचावा.

बायबलाचं मराठीकरण जुनं आहे. विल्यम केरीच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार मराठीत १८११ साली निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणलं. ते छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. या सगळ्या खटपटीत शेतीचे शब्द फार सहज आले, कारण दोन्हीकडे बैल होता, खळं होतं, जू होतं. आज नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला भिल्ल, मावची, गावित कुटुंबांतून हे बायबल वाचलं जातं. वाचणाऱ्यांतल्या कित्येकांचे हात त्याच दिवशी वावरात काम करून आलेले असतात. शब्द ओळखीचा निघाला की डोळा पुढे सरकतो. माझं म्हणणं एवढंच, की ओळखीच्या शब्दापाशीच जास्त थांबावं लागतं. ‘एजोब’ किंवा ‘एफा’ आला तर आपण विचारतो तरी, हे काय? ‘पेरणारा’ आला की विचारत नाही.

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचाच दाखला घ्या. पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं आणि पाखरांनी खाल्लं. काही खडकाळीवर पडलं, लगेच उगवलं आणि उन्हाने करपलं. काही काटेरी झाडांत पडलं आणि गुदमरलं. काही चांगल्या मातीत पडलं. आता खान्देशातली पेरणी डोळ्यांसमोर आणा. पुढे बैल, मागे तिफण, तिफणीवर चाडं, चाड्यातून खाली उतरलेल्या तीन नळ्या, प्रत्येक नळी एका फणाच्या मागे मातीत सोडलेली. चाड्यावर बहुधा बाईचा हात. मुठीतून दाणा किती सुटतो यावर सगळा हंगाम अवलंबून. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, मूठ अडली तर तास रिकामं जातं, नळीत ओली माती चढली तर बऱ्याच उशिराने कळतं की मधल्या फणातून दाणाच गेलेला नाही. या पेरणीत चुका भरपूर होतात. पण बी वाटेवर पडण्याची चूक होत नाही. दाणा फणाच्या मागून दोन इंच मातीत जातो, तो पाखराला दिसणार कसा?

म्हणून तिफणवाल्या गावाला हा दाखला एका निष्काळजी शेतकऱ्याची गोष्ट वाटतो, आणि कीर्तनकाराच्या थाटात कुणीतरी विचारतं, ‘त्याला वाट दिसत नव्हती का?’ येशूच्या गालीलात बी हाताने फोकून पेरत. कमरेला ओटीसारखं फडकं, त्यातून मूठ भरायची आणि चालता चालता अर्धवर्तुळात उधळायची. पुष्कळदा आधी बी फोकायचं आणि मग वरून नांगर फिरवून ते मातीआड करायचं. उन्हाळाभर गावकऱ्यांनी वावरातून पाडलेली पायवाट नांगराखाली जाईल या हिशेबात तिच्यावरही बी पडायचं. नांगर येईपर्यंत पाखरं आलेली असायची. नळीतून बी सोडणारा नांगर मेसोपोटेमियात फार जुन्या काळापासून होता, पण गालीलातल्या लहान दगडी तुकड्यांवर माणूस मुठीनेच पेरायचा.

खडकाळीचंही तसंच. मराठी वाचकाला मुरमाड बरड दिसतं, वर दगडगोटे पसरलेलं. तिथली खडकाळी वरून दिसत नाही. चुनखडीचा सलग थर, त्यावर चार बोटं माती. पातळ माती लवकर तापते, म्हणून तिथलं बी शेजारच्या भारी मातीतल्या बियांपेक्षा दोन दिवस आधी वर येतं, आणि पेरणाऱ्याला पहिले आठ दिवस तोच तुकडा सगळ्यात चांगला वाटतो. हलक्या जमिनीवरची बाजरी पावसाचा खंड पडेपर्यंत अशीच डौलात असते. दाखल्यातलं ‘लगेच उगवलं’ हे क्रियाविशेषण उगीच आलेलं नाही. आणि काट्यांचं म्हणाल तर पेरणाऱ्याने उभ्या काट्यांत बी टाकलं नाही. वरून कापलेल्या, पण मुळं खाली शाबूत असलेल्या काट्यांच्या जागेत ते पडलं. हरळी आणि कुंदा वखराने कापून ‘रान स्वच्छ झालं’ म्हणणाऱ्याला पंधरा दिवसांनी जे दिसतं तेच त्याला दिसलं.

आता शेवटची ओळ: तीसपट, साठपट, शंभरपट. इथे खान्देशी वाचक बिचकत नाही, आणि तीच अडचण. ज्वारीचं बियाणं एकरी चार किलो. आठ-दहा क्विंटल झाली तर दोनशे-अडीचशे पट झाली. बाजरीला एकरी दीड किलो पुरतं, तिचा हिशेब चारशे-पाचशे पटीवर जातो. शंभरपट ऐकून ज्वारीवाला म्हणणार, बेताचीच झाली म्हणायची. पण दाखला गहू-जवाच्या देशातला आहे. गव्हाला आजही एकरी चाळीस किलो बियाणं लागतं आणि पाणी, खत, सुधारित वाण सगळं देऊन पंधरा-सोळा क्विंटल झाला तर तो चाळीसपट. दोन हजार वर्षांपूर्वी कोरडवाहू गव्हाला पाच-सात पट आली तर घर चालायचं, दहापट आली तर वर्ष चांगलं. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला गरारमध्ये शंभरपट पीक आलं असं लिहिलंय, आणि ते देवाचा खास आशीर्वाद म्हणून लिहिलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांनी ‘शंभरपट’ ऐकून हसायला हवं होतं, किंवा गप्प व्हायला हवं होतं. उलट टोक यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे: एक होमेर बी पेराल आणि एक एफा पीक काढाल. होमेर म्हणजे दहा एफा. दहा मापं मातीत घालून एक परत. मापं माहीत नसली की ही ओळ नुसती यादी वाटते. माहीत असली की दुष्काळाचा पंचनामा होते.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या पाठोपाठ, निदणाचा दाखला आहे. गहू पेरलेल्या शेतात रात्री वैरी येऊन निदण पेरून जातो. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. आपल्याकडे निदण म्हणजे कुठलंही तण आणि निंदणी म्हणजे आषाढ-श्रावणातलं बायांचं ठरलेलं काम. निंदायचं नाही असं सांगणारा मालक खान्देशात आळशी ठरेल. पण मुळातलं झाड कुठलंही तण नाही. लोलियम जातीचं ते गवत आहे. पान गव्हाचं, उंची गव्हाची, रंग गव्हाचा. गहू निसवेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. ओंबी आली की फरक दिसतो: गव्हाची ओंबी भरून वाकते, याची सडपातळ राहते आणि दाणे दांड्याला लागून एकाआड एक बसतात. तोवर मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, हे उपटलं की ते येतं. दाण्यात बहुधा एक बुरशी वस्तीला असते. असे दाणे गव्हात दळले गेले तर भाकर खाणाऱ्याला भोवळ येते, उलट्या होतात. म्हणून कापणीच्या वेळी निवडून वेगळ्या पेंढ्या बांधायच्या आणि जाळायच्या. गव्हात रानओट किंवा गुल्लीदांडा झालेला पाहिला असेल त्याला धन्याचं ‘नको’ पटेल. ज्वारीवाल्याला टारफुला आठवेल, पण तो वेगळा, तो मुळावर बसून रस ओढतो.

खळ्यावर मात्र दोन्ही देश जवळ येतात, निदान येत होते. मळणी यंत्र आणि हार्वेस्टर आल्यावर तिशीतल्या पोराला मेढ दाखवायला जुनं चित्रच शोधावं लागतं. गावाच्या वरच्या अंगाला, वारं लागेल अशा जागी, चोपून शेणाने सारवलेलं गोल अंगण. मधोमध मेढ, मेढीला बांधलेली बैलांची पात. मळणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे. मुसकं हा शब्द इतका घरचा आहे की प्रेषित पौलाने हाच नियम उचलून उपदेशकांच्या पोटापाण्याला लावला, तेव्हाही तो मराठीत शोभून दिसतो. गिदोन मिद्यानी लुटारूंच्या भीतीने द्राक्षकुंडात गहू झोडत होता, हे वाक्य खळं माहीत असलेल्यालाच पुरतं कळतं. द्राक्षकुंड म्हणजे खडकात खोदलेला खड्डा. तिथे लपता येतं, पण वारं येत नाही, आणि वारं नाही तर उफणणी नाही. दाणा वाचला, तो भुसातच राहिला. मूठभर वाचवण्यासाठी माणूस किती अडचणीत काम करतोय, ते त्या एका जागेच्या नावात आहे.

बाप्तिस्मा देणारा योहान येणाऱ्याबद्दल म्हणतो: त्याच्या हातात त्याचं सूप आहे, तो आपलं खळं स्वच्छ करील, गहू कोठारात साठवील आणि भूस न विझणाऱ्या अग्नीने जाळील. सूप म्हटलं की तिवईवर उभी राहून डोक्याच्या वरून हळूहळू धार सोडणारी व्यक्ती दिसते. मूळ शब्द लाकडी फावड्याचा आहे. त्याच्या आधी पाच-सहा दातांचं लाकडी दाताळं चालतं. मळलेला ढीग दाताळ्याने वर उडवायचा, दाणा सरळ खाली येतो, काड थोडं लांब पडतं, फोलकट त्याच्याही पलीकडे. काड संपत आलं की दाताळं ठेवून फावडं घ्यायचं, कारण दाणे दाताळ्याच्या फटींतून गळतात. म्हणजे फावडं हातात आहे याचा अर्थ काम शेवटाला आलंय, निवाडा जवळ आलाय. सूप या शब्दात हा क्रम हरवतो. पण दुसरं काही वापरलं असतं तर चित्रच उभं राहिलं नसतं, त्यामुळे भाषांतरकाराला दोष देववत नाही.

‘भूस’ मात्र खटकतो. भूस कोण जाळतं? दुष्काळी साली भुसाला भाव येतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून तो दुसऱ्या तालुक्यात जातो. तिकडेही काड जनावरांना घालत आणि मातीत कालवून विटा पाडत. मिसरात इस्राएली लोकांना विटांसाठी काड देणं बंद केलं म्हणून केवढा आकांत झाला होता. जळत होतं ते फोलकट, म्हणजे वाऱ्याबरोबर उडणारा, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला चुरा. भट्टी पेटवायला तेवढा बरा.

अशा खळ्यांपैकी एक दावीद राजाने विकत घेतलं. अरवना नावाच्या यबूसी माणसाचं खळं, जेरुसलेमच्या उंचवट्यावर. अरवना फुकट द्यायला तयार होता, बैल आणि मळणीची लाकडंही होमासाठी देत होता. दावीदाने ५० शेकेल चांदी मोजली. मला काहीही खर्च न पडलेलं अर्पण मी देणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच्या मुलाने, शलमोनाने, त्याच जागेवर मंदिर बांधलं. वारं लागणारी उंच जागा खळ्याला बरी आणि देवळालाही.

जुवाबद्दल थोडक्यात. ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे’ या ओळीतला ‘सोयीचे’ हा शब्द कुणाला सुचला असेल त्याला बैल ठाऊक होते. हलकं जू आणि सोयीचं जू या दोन गोष्टी. जू वजनाने खांदा फोडत नाही, घासून फोडतं. लाकूड नीट तासलेलं नसेल, शिवळांमधलं अंतर मानेला बेतलेलं नसेल, जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असेल तर सगळा भार एका कडेवर येतो. पावसात भिजलेल्या कातडीवर हे फार लवकर होतं, आधी केस जातात, मग सूज, मग जखम, आणि ऐन वखरणीत बैल आठ दिवस दावणीला. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नको असं नियमशास्त्र सांगतं, त्यामागे हीच उंची आणि चाल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. हळद-तुपाने खांदा चोळणारा माणूस बोटांनी नेमकं हेच तपासत असतो, गाठ कुठे आहे, कातडी कुठे जाड झालीय.

उंबराचं प्रकरण वेगळंच आहे. यरीहो गावात जक्कय नावाचा मुख्य जकातदार, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. मराठीत उंबर आला हे भाग्य, कारण तिकडचं झाड उंबराचं सख्खं भावंड आहे: तशीच खोडाला लगडलेली फळं, तशाच जमिनीलगत सुरू होणाऱ्या जाड फांद्या. बुटक्या माणसाला चढता येईल असंच झाड. त्याला थंडी सोसत नाही, म्हणून डोंगरावर ते वाढत नाही. यरीहो समुद्रसपाटीपेक्षाही अडीचशे मीटर खाली, तिथे ते जोमाने वाढतं.

आमोस संदेष्टा आपली ओळख ‘मी गुराखी आणि उंबरं बघणारा’ अशी करून देतो, तेव्हा बहुतेक वाचक त्याला फळं गोळा करणारा समजून पुढे जातात. हिब्रू शब्दातलं काम जास्त बारीक आहे, आणि ग्रीक भाषांतरकारांनी त्याला ‘टोचणारा’ म्हटलंय. तिकडचं उंबर झाडावर नुसतं ठेवलं तर हिरवं, कडक आणि बेचव राहतं. फळ अर्धं वाढलं की त्याच्या डोक्याशी सुरीने लहानसा छेद द्यायचा. तीन-चार दिवसांत ते फुगतं, रंग बदलतं, गोड होतं. एकेक फळ हाताने, पूर्ण झाडाचं, आणि उशीर झाला तर आतली चिलटं फळ खराब करून टाकतात. काम हलक्या मजुराचं समजलं जाई. छेद दिल्यावर फळ का पिकतं? जखमेच्या जागेतून इथिलीन वायू सुटतो. आता सावदा, फैजपूर, रावेरच्या बाजूला जा. पाऊण पक्व झालेले हिरवे घड कापून येतात, फण्या सुट्या करून क्रेटमध्ये भरल्या जातात, आणि पिकवण केंद्राच्या बंद खोलीत १६ ते १८ अंश तापमानाला चोवीस तास त्यांना तोच वायू दिला जातो, दहा लाख भागांत शंभर भाग एवढाच. मग दार उघडून हवा खेळवायची, नाहीतर कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडने फळ आतून बिघडतं आणि रंग धरत नाही. आमोसाची सुरी आणि ही खोली यांत अडीच हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, काम एकच आहे. खान्देशाने आमोसाकडे आपला माणूस म्हणून बघायला हरकत नाही.

झाडांच्या नावांवरून मारामाऱ्याही झाल्यात. योना संदेष्ट्याच्या डोक्यावर एका रात्रीत सावली धरणारं झाड ग्रीकमध्ये भोपळ्याचा वेल झालं. बायबलाचा भाषांतरकार जेरोम याने लॅटिनमध्ये आयव्ही केलं, आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका गावात बिशपाने नवं नाव वाचताच मंडळीत गदारोळ उडाला, असं धर्मपंडित ऑगस्टीनने जेरोमला पत्रातून कळवलं. मराठीतही वेलच आला. पण हिब्रू ‘किकायोन’ बहुतेकांच्या मते एरंड, तोच जो कपाशीच्या कडेने अळ्यांना भुलवायला लावतात. झपाट्याने डोक्यावर जाणारा, पंजाएवढ्या पानांचा. आणि उंटअळी पडली तर चार दिवसांत नुसत्या शिरा उरतात. योनाच्या झाडालाही पहाटे अळीच लागली होती.

राहिली भाकर. ‘बेखमीर भाकर’ हा शब्द खान्देशात ऐकायला गमतीचा, कारण इथे खमीर घातलेली भाकर असतेच कुठे? कळण्याची, ज्वारीची, बाजरीची, सगळ्या बेखमीर. या धान्यांत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने आंबवण फुगवणार तरी काय? खमीर म्हणजे तिकडे पुडीतली भुकटी नव्हती, कालच्या कणकेचा राखून ठेवलेला आंबट गोळा होता. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, सात दिवसांत तो घरातून काढून टाकायचा, म्हणजे सणानंतर पीठ-पाणी कालवून नव्याने आंबवायला चार-पाच दिवस जायचे. वल्हांडण हा शब्दही छान मराठी आहे, वलांडून जाणं. रक्त लावलेली चौकट ओलांडून मृत्यू पुढे गेला. दाखल्यातली बाई तीन मापं पिठात खमीर लपवते. अब्राहामाने तीन पाहुण्यांसाठी सारेला मळायला सांगितलेलं पीठही नेमकं तीन मापं. तीन माप म्हणजे एक एफा, २२ लिटर तरी. पंधरा किलो तेलाच्या सव्वा डब्याएवढं पीठ. घरच्या चुलीचा हा स्वयंपाक नव्हे, गावजेवणाचा आहे.

एफा आला की रूथ आठवते. मवाबी विधवा, सासूबरोबर बेथलेहेमात आलेली, जवाच्या कापणीत सरवा वेचायला निघालेली. सरवा शब्दाला टीप लागत नाही. भुईमूग काढल्यावर वावरात बसून कुदळीने शेंगा उकरणाऱ्या, हरभरा उचलल्यावर घाटे गोळा करणाऱ्या बाया अजून आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे सरवा मालकाच्या मर्जीवर, तिकडे तो कायदा होता. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, विसरलेल्या पेंढीसाठी मागे फिरायचं नाही, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. पुढे यहुदी पंडितांनी मापंही बांधली: कडेला सोडायचा भाग साठाव्या हिश्श्यापेक्षा कमी नको. हातातून एका जागी दोन कणसं पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. दोन कणसांनी दिवसभरात किती होणार? ओंजळभर, फार तर पदरात मावेल एवढं. रूथने संध्याकाळी काठीने झोडून मोजलं तेव्हा एफाभर जव भरले. तेरा किलोच्या आसपास. कारण शेताचा मालक बवाज याने कापणाऱ्यांना हळूच सांगून ठेवलं होतं की पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका आणि तिला दटावू नका.

दुपारी त्याने तिला कापणाऱ्यांच्या शेजारी बसवून भाजलेलं धान्य दिलं होतं, आपण गव्हाच्या ओंब्या भाजून हातावर चोळतो त्या जातीचं. तिने पोटभर खाल्लं आणि थोडं ओच्यात बांधून ठेवलं. घरी आल्यावर सासूने, नामीने, आधी जवाचा ढीग पाहिला. मग रूथने ओचा सोडला आणि दुपारचं उरलेलं तिच्या हातावर ठेवलं.